घंटेच्या पोटात

ओताऱ्याच्या बायकोला जन्मात दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत. एक म्हणजे गप्प बसणं आणि दुसरी म्हणजे बोलायचं तेव्हा बोलणं. आता एकाच बाईच्या अंगी हे दोन्ही कसं, असं कोणी विचारेल. पण ज्यांनी दीर्घ संसार केलाय ते विचारणार नाहीत. नळाला पाणी बारीक येतं, शेजारीण दार आपटते, दूधवाला हल्ली उशिरा येतो, यावर ती दिवसभर बोलू शकायची. आणि जे एक वाक्य बोलायला हवं होतं, ते गेले कित्येक आठवडे तिच्या घशात हाडूक अडकावं तसं अडकून बसलं होतं.

त्या दिवशी डोंगर चढतानाही ते तिथंच होतं. पुढे हमाल, त्याच्या पाठीवर गोणपाटात गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलेली घंटा. त्याच्या मागे ओतारी, हात पाठीशी धरून, मयताच्या मागं चालावं तसा. सगळ्यात मागं ही. पायऱ्या उंच, ऊन समोरून, आणि कठड्याचा लोखंडी नळ इतका तापलेला की आधाराला धरावा तर चटका बसायचा. तरी ती मधूनमधून धरत होती. ते काही चढणीमुळं नव्हे.

ओतारी म्हणजे घंटा ओतणारा. तीन पिढ्यांचा धंदा. वर देवीच्या मंडपात तुळईला ओळीनं घंटा टांगल्यात, त्यातली एक त्याच्या आजोबांची, एक वडिलांची आणि दोन त्याच्या स्वतःच्या. एरवी हा डोंगर चढताना वरून कोणी भाविकानं टोल दिला की मान वर न करता तो सांगायचा, ही बाबांची. ही माझी पहिली. आणि ही त्या दुसऱ्या कारखान्याची, ऐक कशी खोकते. दर खेपेला सांगायचा आणि ती दर खेपेला 'हो का' म्हणायची, जसं काही आजच कळतंय. आज वरून एकामागून एक टोल येत होते, बाबांचीही दोनदा वाजली, पण हा बाबा एक अक्षर बोलला नव्हता.

कारण हमालाच्या पाठीवरची घंटा मुकी निघाली होती. आणि ती त्याच्या मेलेल्या लेकीसाठी ओतलेली होती.

लेक एकुलती एक. बोलायला लागली ती थांबलीच नाही. झोपेतसुद्धा कोणाशी तरी भांडायची. बापानंच तिचं नाव ठेवलं टिटवी. खरं नाव शाळेच्या पटावर गेलं आणि तिथंच राहिलं. मोठी झाल्यावर ती एका छापखान्यात खिळे जुळवायला जायची. खिळे म्हणजे धातूची सुटी अक्षरं, उलटी कोरलेली. ती एकेक वेचून ओळीत लावायची, घट्ट बांधायची, मग त्यावर शाई आणि त्यावर कागद. जगात मोठमोठी यंत्रं आली तरी तिचा मालक हट्टानं जुन्या खिळ्यांवर लग्नपत्रिका छापायचा आणि हौशी लोक मुद्दाम त्याच्याकडे यायचे. संध्याकाळी टिटवी काळ्या बोटांनी घरी यायची आणि बापाच्या काळ्या बोटांशेजारी आपली बोटं ठेवून म्हणायची, बघा, कोणाची जास्त. बाप हरला असं दाखवायचा.

त्याच छापखान्यात यंत्र चालवणारा एक मुलगा होता. पुढचं सांगायला नकोच. तिनं एक दिवस जेवताना सांगून टाकलं की आमचं ठरलंय. मुलात खोट नव्हती, घरात खोट नव्हती. खोट होती ती एवढीच की बापाला आधी विचारलं नव्हतं. ओताऱ्याचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "मला न विचारता ठरवलंस ना, मग मला न विचारता कर. माझं नाव कुठं घालायचं नाही."

अशा माणसाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. एका घरात, एका ओट्यापाशी, एका नळावर. 'तिला सांग, दिवा मालव.' 'तिला सांग, वाटेतून उठ.' मधे ही आई, दोघांचे निरोप पोचवणारी. ढोलकीसारखी, दोन्ही बाजूंनी मार. टिटवी पहिल्यांदा खूप बोलली, मग कमी बोलली, आणि शेवटी बाप घरात असला की बोलायचीच नाही. आईला वाटायचं, लग्नाच्या दिवशी विरघळेल. बाप आहे, दगड नाही. पण लग्नाला महिना राहिला असताना पोरीला ताप आला. साधा वाटला. इस्पितळात नेईपर्यंत साधा राहिला नव्हता. शेवटची रात्रभर ओतारी व्हरांड्यात उभा होता, आत गेला नाही, कारण आत जाऊन पहिला शब्द कोणता बोलायचा हे त्याला सुचेना. उजाडेस्तोवर शब्दाची गरज संपली होती.

काही महिन्यांनी त्यानं ठेवणीतलं तांबं बाहेर काढलं. म्हणाला, तिच्यासाठी घंटा ओततो, देवीला देतो. बायकोचं मन भरून आलं. ती म्हणाली, घंटेवर तिचं नाव घाला. तो म्हणाला, नाही. आमच्या घराण्यात घंटेवर नाव घालत नाहीत. आजोबांनी नाही घातलं, बाबांनी नाही घातलं. घंटा वाजवणाऱ्याची असते, नाव घातलं की ती नाव घालणाऱ्याची होते.

रीत खरी होती, तिला ठाऊक होतं. पण त्या क्षणी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीच्या लग्नाला याचं नाव द्यायचं नाही, आणि पोर गेल्यावर तिचंही नाव कुठं लावायचं नाही. हा माणूस नावाचा कसला एवढा कंजूष, असं तिला वाटलं आणि ती काही न बोलता आत गेली. आता ती गप्प बसली म्हणजे काय समजायचं, हे त्याला इतक्या वर्षांत तरी कळायला हवं होतं.

तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली एक जड वीट होती. पोरीच्या दहाव्यानंतर छापखान्याचा मालक ती घेऊन आला होता. टिटवीनं स्वतःच्या लग्नाची पत्रिका स्वतः जुळवून, दोऱ्यानं बांधून ठेवली होती, छापायची राहिली. मालक म्हणाला, हे खिळे मी परत खणात टाकू शकत नाही, वहिनी, माझा हात होत नाही. मग त्या उलट्या अक्षरांवरून बोट फिरवत त्यानं तिला सगळी पत्रिका वाचून दाखवली आणि आणखी एक गोष्ट सांगितली. तिनं ते सारं पाठ केलं आणि नवऱ्याला त्यातलं काहीही सांगितलं नाही. का? राग होता म्हणून. त्या विटेत जे होतं ते या माणसाला मिळता कामा नये, असं तिला वाटलं. वाईट होतं ते वाटणं. पण वाटलं ते वाटलं.

ओताच्या दिवशी मूस भट्टीत लाल झाली होती, तांबं वितळून आरशासारखं झालं होतं. ती भात्यावर होती. लग्न होऊन आली तेव्हापासून भाता तिचा. धातूला मात्र हात लावायचा नाही, तो प्रांत त्याचा. त्यानं कथील टाकलं, ढवळलं, आणि साच्याला तडा गेलाय का बघायला परसात गेला. तिनं पदराखालून वीट काढली. खिळे पांढरट दिसत होते, कथीलही पांढरंच; पांढरं ते कथील, इतकंच तिचं ज्ञान. बाहेर नाव नाही ना, मग आत असू दे, असं मनाशी म्हणत तिनं ती दोऱ्यासकट मुशीत सोडली. दोरा भुर्रकन जळाला आणि अक्षरं खाली गेली. कितीतरी दिवसांनी तिला त्या दिवशी गाढ झोप लागली.

साचा फोडला तेव्हा घंटा देखणी निघाली. ओताऱ्यानं घासली, टांगली, टोल दिला, आणि आवाज आला थड्. मडक्यावर काठी मारावी तसा. त्यानं पुन्हा मारून पाहिलं, जागा बदलून पाहिली, दोर बदलून पाहिला. मग त्यांच्या घरची जी शेवटची परीक्षा असते ती केली. घंटेच्या तोंडात डोकं घालायचं आणि एक हाक मारायची. घंटा चांगली असेल तर ती हाक धरून ठेवते. माणूस थांबला तरी ती गुणगुणत राहते. त्यानं डोकं आत घातलं आणि हाक मारली, टिटवे. किती दिवसांनी त्या घरात ते नाव निघालं होतं. घंटेनं काही उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी तो पानावर बसला आणि तसाच उठला. उंबऱ्यात उभा राहून एवढंच म्हणाला, "ती बोलत नाही माझ्याशी." तिला आधी वाटलं घंटेबद्दल बोलतोय. मग कळलं.

तिथून त्यानं डोक्यात घेतलं ते घेतलंच. देवीपुढं घंटा टांगायची आणि तिथं पुन्हा हाक मारायची. बोलली तर बोलली. नाही बोलली तर देवळामागच्या कड्यावरून ती दरीत लोटायची, घरी यायचं आणि भट्टी फोडून टाकायची. ज्या हाताला पोटच्या पोरीनं माफ केलं नाही त्या हातानं देवाची घंटा ओतायची नाही, हे त्याचं म्हणणं. दारात आलेली दोन कामं त्यानं परत पाठवली. रात्रंदिवस हात उलटेसुलटे करून बघायचा, जसे काही कोणी बदलून ठेवलेत.

बायकोच्या मनात पाल चुकचुकली. ती दुसऱ्याच दिवशी छापखान्यात गेली आणि मालकाला सहज विचारावं तसं विचारलं की खिळे कसले करतात हो. तो म्हणाला, शिशाचे, थोडं इकडचं तिकडचं घालून. शिसं. भात्यावर बसून हजारदा ऐकलेलं नवऱ्याचं वाक्य तिला आठवलं. कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या गड्याला तो दम भरायचा की मूठभर शिसं पडलं तर घंटेचं मडकं होतं, मोडीवाल्याकडचा तुकडा न् तुकडा बघून घ्या. ऐकलेलं होतं सगळं, फक्त शिसं दिसतं कसं हे तिला कोणी दाखवलं नव्हतं.

म्हणजे आता बघा तिची गत. सांगावं तर लेकीच्या नावाची घंटा आपण नासवली, त्याच्या मुशीत चोरून हात घातला, हे कबूल करा. शिवाय विटेत काय होतं ते सांगणं आलं, आणि तेवढं एकच तर तिनं त्याच्यापासून राखून ठेवलं होतं. न सांगावं तर हा भट्टी फोडणार आणि उरलेला जन्म मनाशी घोकत बसणार की पोर रागावून गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रोज सकाळी ती ठरवायची आज सांगायचं, आणि रोज काहीतरी निघायचं. असं करत करत डोंगर चढायचा दिवस उजाडला.

अर्ध्या वाटेवर एक दगडी कट्टा आणि पाण्याची टाकी आहे. तिथं हमालानं पाठीवरचं ओझं उतरवलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. गडी बोलका होता, आणि बोलक्या माणसाला गप्प माणसांबरोबर चालावं लागलं की त्याचं पोट फुगतं. त्यानं सांगायला सुरुवात केली की त्यानं या पाठीवरून काय काय वर नेलंय. पाण्याच्या टाक्या, लाद्या, एकदा तर स्वतःची सासू. सासू वाटभर बोलत होती, वहिनी, प्रत्येक पायरीला माझी एक चूक काढत होती. त्यापेक्षा घंटा बरी, हिची जीभ बांधता येते. आणि त्यानं गोणपाटावर थाप मारली. आतला लोलक फडक्यानं बांधलेला होता, कुठं आवाज झाला नाही.

ओतारी उठून टाकीच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. ती त्याच्या मागं गेली. आता बोलू, इथंच बोलू, वर जाण्याआधी. ती म्हणाली, अहो. त्यानं वळून पाहिलं. त्याचे डोळे परीक्षेला निघालेल्या पोराचे असतात तसे होते. नापास होणार हे माहीत आहे आणि तरी जायचं आहे. तिनं हातातला तांब्या पुढं केला आणि म्हणाली, पाणी घ्या. त्यानं घेतलं. हमालानं पुन्हा घंटा पाठीवर टाकली आणि म्हणाला, चला, देवी वाट बघतेय. ओताऱ्याच्या बायकोनं मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या, त्याही चांगल्या निवडून.

वर गर्दी बेताची होती. चपला काढून ते मंडपात गेले. पुजारी ओताऱ्याला ओळखत होता. त्याच्या वडिलांनाही ओळखायचा तो म्हातारा. त्यानं ओळीतली एक रिकामी कडी दाखवली आणि म्हणाला, ही तुझ्यासाठी कधीची ठेवलीय. हमालानं आणि ओताऱ्यानं मिळून घंटा चढवली. गोणपाट निघालं तेव्हा दर्शनाला आलेली माणसं थांबून बघायला लागली, कारण ती खरोखरच अशी लकाकत होती की बघत राहावं. ओताऱ्यानं लोलकाचं फडकं सोडलं, घडी करून खिशात ठेवलं. गाभाऱ्याकडे बघून हात जोडले. आणि टोल दिला.

थड्.

मग मागं कोणाचं तरी लहान पोर हसलं आणि त्याच्या आईनं त्याला दटावलं, ते जास्त लागलं. पुजारी बिचारा सांभाळून घ्यायला गेला. म्हणाला, तुळई जुनी आहे, दमट आहे, त्यानं होत असेल. ओतारी म्हणाला, तुळईचा दोष नाही. शेजारीच त्याच्या बाबांची घंटा लटकत होती, तिला कोणीतरी जाताजाता हात लावला आणि ती सगळ्या मंडपात भरून राहिली. ती विझेपर्यंत तो थांबला. मग आपल्या घंटेखाली वाकला, डोकं आत घातलं आणि हाक मारली.

बायकोला बाहेरून त्याची पाठ तेवढी दिसत होती. लोक बघत होते. ही वेळ होती. तिनं तोंड उघडलंही, पण इतक्या माणसांत, देवीच्या दारात, आवाज फुटला नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कोरा होता. त्यानं घंटा कडीवरून काढली, हमालाला खूण केली, आणि दोघं ती उचलून देवळाच्या मागं निघाले, बायको त्यांच्या मागोमाग. पुजारी 'अरे, अरे' करत राहिला.

देवळामागं कमरेइतका कठडा आहे आणि त्यापलीकडं सरळ खोल. घंटा कठड्यावर ठेवून ओताऱ्यानं हमालाला सांगितलं, तू जा. हमालाला काहीतरी वेगळं दिसलं असावं. तो गेला नाही, चार पावलं मागं सरला. ओताऱ्यानं दोन्ही पंजे घंटेवर टेकवले.

"थांबा," ती म्हणाली. "त्यात शिसं आहे."

त्याचे पंजे तसेच राहिले. मान वळली नाही. आधी आतला कारागीर बोलला, बाप नंतर.

"किती?"

"एक वीट. तुमच्या पंजाएवढी."

"कुठून आलं?"

"मी टाकलं. तुम्ही साचा बघायला गेला होतात तेव्हा."

त्यानं हात उचलले आणि डोळ्यांसमोर धरले. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. "म्हणजे ओत बरोबर होता," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याच्या छातीतून एक लांब श्वास निघाला. मग जे कळायचं ते कळलं आणि त्याची मान, कान, सगळं लाल झालं. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, त्या क्षणी तिला वाटलं आज उगारेल आणि उगारला तर बरंच होईल. त्यानं उगारला नाही. माझ्या मुशीत, एवढंच तो दोनतीनदा म्हणाला. माझ्या मुशीत. मग म्हणाला, मला विचारायचं होतंस.

ती म्हणाली, विचारलं असतं तर टाकू दिलं असतंत?

ओतारी हट्टी होता, पण खोटा नव्हता. त्यानं विचार केला आणि म्हणाला, नाही.

मग त्यानं विचारलं की शिसं कशाला टाकलंस. तिनं सांगितलं की ते शिसं आहे हे तिला ठाऊक नव्हतं, ते खिळे होते. टिटवीनं जुळवलेली तिच्याच लग्नाची पत्रिका होती, छापायची राहिलेली. नाव बाहेर घालू दिलं नाहीत, म्हणून आत घातलं. हे ऐकून त्यानं तोंड दरीकडं फिरवलं. म्हणाला, चांगलं केलंस. माझं नाव नसलेली पत्रिका, ती माझ्या घंटेत बोलेल कशी.

इथं ती थांबू शकली असती. खरं सांगायचं तर तिच्या आतलं काहीतरी म्हणत होतं की थांब, भोगू दे त्याला. व्हरांड्यात उभा राहिला होता ना, मग असाच उभा राहू दे जन्मभर. त्याच्या खांद्यांकडं ती बघत राहिली. ते किती उतरले होते हे तिला घरात कधी दिसलं नव्हतं. इथं मागं आभाळ होतं म्हणून दिसलं.

"तुमचं नाव होतं," ती म्हणाली. "आमच्या येथे देवीच्या कृपेनं आमची एकुलती एक कन्या, असं सुरू होतं. तिचं नाव, त्याचं नाव, दिवस, वेळ. आणि खाली, आपला विनीत, म्हणून तुमचं नाव. पूर्ण. त्याखाली, घंटा ओतणारे."

तो हलला नाही.

"छापखान्यात होते नव्हते त्यातले सगळ्यात मोठे खिळे तिनं त्या ओळीला लावले होते. मालक म्हणाला, अगं, नवरीपेक्षा बापाचं नाव मोठं दिसतंय, बरं दिसत नाही. तर म्हणाली, असू दे. बाबा चष्मा शोधत बसतात. त्यांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

ओतारी खाली बसला. कठड्याला पाठ लावून, फरशीवर, पोरासारखे पाय पसरून तो रडला. पोरगी गेली तेव्हा रडला नव्हता, तेही त्यात आलं. तिला वाटलं होतं आपण त्याच्याजवळ बसू, पाठीवरून हात फिरवू. पण ती उभीच राहिली. डोळे तिचेही वाहत होते, पण जागेवरून हलवेना.

खूप वेळानं त्यानं नाक पुसलं, खिशातल्या त्या लोलकाच्या फडक्यानंच. विचारलं, तुला हे कधीपासून माहीत होतं. ती म्हणाली, मालक आला त्या दिवसापासून.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"राग होता."

"अजून आहे?"

"आहे," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. कठड्याला धरून उठला आणि घंटा कठड्यावरून आत ओढून घेतली. हमाल पुढं आला. इतका वेळ त्यानं ऐकलं असणार, कारण एकही विनोद न करता त्यानं विचारलं, देवळात परत टांगायची का. ओतारी म्हणाला, नाही, मुकी घंटा देवीच्या दारात टांगत नाहीत. मग वितळवायला? तर म्हणाला, यातून शिसं वेगळं निघायचं नाही आता, आणि निघालं तरी मी काढणार नाही. ही घरी जाईल. मग त्यानं हमालाकडं त्याचा बांबूचा दांडा मागितला, घंटेच्या वरच्या कानातून घातला आणि एक टोक आपल्या खांद्यावर घेतलं. दुसरं टोक तसंच धरून बायकोकडं बघत राहिला. तिनं पदर खोचला आणि ते टोक आपल्या खांद्यावर घेतलं.

हमाल रिकाम्या हातानं मागून उतरू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच असं उतरतोय, लोक काय म्हणतील, असं तो पुटपुटत होता. पायऱ्या उतरताना घंटा दोघांच्या मधे झुलत होती आणि प्रत्येक पायरीला आतला मोकळा लोलक आपटत होता. थड्. थड्. थड्. वर चढणारी माणसं बाजूला होऊन बघत होती, काही कान झाकत होती. टाकीपाशी पोचेपर्यंत हमालालाही ते सहन होईना. तो पुढं आला आणि म्हणाला, दादा, ते फडकं द्या, हिची जीभ बांधतो, घरी पोचेस्तोवर डोकं उठेल सगळ्यांचं.

"राहू दे," ओतारी म्हणाला. "इतके महिने मी तिला बोलू दिलं नाही. आता बोलू दे."

मागच्या टोकाला बायकोनं दांडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, आणि ते पुढं उतरू लागले.